असीरगडाखालचा रस्ता

खांडव्याहून बऱ्हाणपुराकडे निघालेल्या प्रवाशाला असीरगड प्रथम दिसतो तो किल्ला म्हणून नव्हे, तर डोंगर म्हणून. बोरगाव मागे पडते, रस्ता झाडीतून सातपुड्यात शिरू लागतो, आणि समोरच्या रांगेतला एक डोंगर इतरांहून निराळा वाटू लागतो. त्याचा माथा कोणी करवतीने कापून सपाट केल्यासारखा दिसतो. आणखी थोडे पुढे गेले की त्या माथ्याच्या कडेने तटाची रेघ उमटते व रेघेवर दोन बारीक सुया उभ्या राहतात. या सुया म्हणजे गडावरच्या जुम्मा मशिदीचे मिनार. हा क्षण मी आजवर किती वेळा अनुभवला असेल याची मोजदाद नाही, पण तो शिळा झालेला नाही.

आमचे घराणे होळकरशाहीपासून इंदुरास वसलेले. आमच्या लहानपणी मामाच्या गावी, म्हणजे खानदेशात जायचे, तर इंदुरास मीटरगेजच्या गाडीत बसावे, कालाकुंड स्टेशनावर पानाच्या द्रोणातला कलाकंद खावा, खांडव्यास उतरून मोठ्या गाडीत बसावे आणि बऱ्हाणपूर येण्यापूर्वी खिडकीत डोके घालून किल्ला शोधावा, असा क्रम ठरलेला असे. 'दिसला, दिसला' अशी पहिली आरोळी जो ठोकील त्याला वडिलांकडून एक आणा मिळे. पुढे घरी मोटार आली, आणा गेला, मीटरगेजही गेली. पण किल्ला दिसताच हात वर करून तो दाखविण्याची माझी खोड मात्र तशीच राहिली. या खोडीविषयी पुढे लिहावयाचे आहे.

गेल्या हिवाळ्यात सौ., मी आणि माझा पुतण्या असे तिघे असीरगडास गेलो. पुतण्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयात रस्ते व वाहतूक हा विषय शिकवितो. त्याने हा विषय का निवडला हे आमच्या घरात कोणी कधी त्याला विचारले नाही. १९८४ साली माझे थोरले बंधू, म्हणजे त्याचे वडील, याच इंदूर–इच्छापूर रस्त्यावर स्कूटरवरून जात असता गेले. पुतण्या तेव्हा तीन वर्षांचा होता. पंचनाम्यात एका ओळीत लिहिले होते, की वाहन भरधाव वेगाने व हयगयीने चालविल्यामुळे अपघात घडला. कोणाचे वाहन, कसली हयगय, त्या आधीच्या पाच-सात क्षणांत रस्त्यावर नेमके काय झाले, ते कोणीही सांगू शकले नाही. दादा तापट असले तरी गाडी सावकाश चालवीत. त्या ओळीवर आमच्या आईचा अखेरपर्यंत विश्वास बसला नाही.

निघण्याच्या आदल्या दिवशी पुतण्या दोन लहान कॅमेरे घेऊन आला. एक रस्त्याकडे तोंड केलेला, दुसरा माझ्याकडे. शिवाय काडेपेटीहून थोडी मोठी एक पेटी, जी गाडीचा वेग, ब्रेक आणि ठिकाण टिपून ठेवते. "काका, तुम्ही नेहमीसारखी गाडी चालवायची, एवढंच," तो म्हणाला, आणि एका कागदावर माझी संमतीची सही घेतली. सौ.ने विचारले, "आमचं बोलणंही टिपणार का रे?" आवाज टिपला जात नाही हे कळल्यावर तिने तिळाच्या वड्यांचा डबा गाडीत ठेवला.

मी मनातून हसत होतो. बेचाळीस वर्षे गाडी चालवीत आहे. एका बैलगाडीच्या दांड्याने दिवा फुटला तो सोडला तर अपघात म्हणून नाही. अशा माणसावर कॅमेरा लावून काय मिळणार? पुतण्याला मी तसे बोलूनही दाखविले. तो म्हणाला, "अपघात न झालेलीच माणसं हवीत. अपघात झालेल्यांकडून कळत नाही."

या एका वाक्यात त्याच्या शास्त्राचे मर्म आहे असे मला मागाहून वाटले. आपल्याकडे रस्त्यावरचे ज्ञान बहुतेक मृत्यूनंतर गोळा होते. २०२२ साली देशात ४,६१,३१२ अपघात नोंदले गेले आणि त्यांत १,६८,४९१ माणसे दगावली. या मृत्यूंपैकी सुमारे ७१ टक्के सरकारी अहवालात 'अतिवेग' या एका सदराखाली येतात. वेगाचा दोष खोटा नाही. वेग वाढला की धडक अधिक जीवघेणी होते, यात वाद नाही. परंतु घडून गेल्यावर पोहोचलेल्या हवालदाराला रस्त्यावर चाकांचे वळ, काचा व गर्दी एवढेच दिसते. चालकाची नजर कुठे होती, त्याने काय पाहिले व काय पाहिले नाही, हे त्याला दिसणे शक्यच नसते. मग 'भरधाव' हा शब्द हाताशी असतो, तो लिहिला जातो. भारतीय दंडविधानाचे २७९ वे कलम जाऊन १ जुलै २०२४ पासून न्याय संहितेचे २८१ वे कलम आले. ओळ तीच आहे.

यावर अमेरिकेतील व्हर्जिनिया टेक या विद्यापीठाच्या वाहतूक संस्थेने जो उपाय काढला तो अगदी साधा आहे. शंभर मोटारींत कॅमेरे व मापके बसवून त्या लोकांच्या हवाली केल्या आणि वर्षभर काहीही सूचना न देता त्यांना आपापल्या कामाला जाऊ दिले. शेजारी परीक्षक नाही, ठरवून दिलेला मार्ग नाही. २४१ चालक, सुमारे २० लक्ष मैल, जवळजवळ ४३,००० तासांचे चित्रण. २००६ साली त्याचा अहवाल निघाला. एवढ्या प्रवासात प्रत्यक्ष टक्कर ८२ वेळा झाली, तीही बहुधा किरकोळ. यांतल्या कित्येक पोलिसांच्या दप्तरी कधीच गेल्या नव्हत्या. पण थोडक्यात टळलेल्या टकरी ७६१ सापडल्या, आणि त्याहून सौम्य असे प्रसंग ८,२९५. टकरींपैकी जवळजवळ ८० टक्क्यांत, शेवटच्या तीन सेकंदांत चालकाचे लक्ष या ना त्या कारणाने रस्त्यावरून ढळलेले होते. दोन सेकंदांहून अधिक काळ नजर बाजूला गेली की धोका दुप्पट होतो, असेही त्यातून निघाले. दोन सेकंद म्हणजे काही नव्हे असे वाटते. पण ताशी ८० किलोमीटर वेगाने गाडी तेवढ्यात सुमारे ४४ मीटर जाते. पुढे २०१० ते २०१३ या काळात हाच प्रयोग त्यांनी तीन हजारांहून अधिक चालकांवर केला.

हे सर्व मी त्या दिवशी सिमरोलचा घाट उतरताना ऐकत होतो, आणि प्रामाणिकपणे सांगतो, त्या घाटात मी कॅमेऱ्यासाठी गाडी चालवीत होतो. दोन्ही हात चाकावर, वळणापूर्वी भोंगा, आरशात नजर. नवरदेवाने बोहल्यावर बसावे तसा ताठ बसलो होतो. रस्ता चौपदरी करण्याचे काम आम्ही गेलो तेव्हा चालू होते. मधूनच नवा गुळगुळीत तुकडा, मधूनच खडी आणि वळणमार्गाची पाटी. मोरटक्क्याच्या पुलावर सौ.ने नर्मदामैयाला हात जोडले, मी मात्र जोडले नाहीत. पुतण्या गालातल्या गालात हसला. सनावदला चहा झाला. तिथून पुढे मला कॅमेऱ्याचा विसर पडला. तो म्हणाला, सगळ्यांचाच पडतो, आणि पडला नाही तर या अभ्यासाचा उपयोगच नाही. खांडवा गेले, बोरगाव गेले, किल्ला दिसला, आणि साडेअकराच्या सुमारास काहीही विशेष न घडता आम्ही असीरगड गावात पोहोचलो.

गावाजवळच्या चढावर एका चहाच्या टपरीपाशी पुतण्याने गाडी थांबवावयास लावली व मला एक वही दिली. "तासभर इथं बसू. जे दिसेल ते लिहा. चूक-बरोबर ठरवू नका, फक्त लिहा." शाळेत निबंध तपासण्यात जन्म गेलेल्या माणसाला चूक-बरोबर न ठरविणे अवघड; पण प्रयत्न केला.

हा रस्ता आम्हां इंदूरकरांना इतका ओळखीचा, पण मी तो कधी एका जागी बसून पाहिला नव्हता. बसून पाहिला की तो रस्ता न राहता बाजार होतो. बऱ्हाणपूर म्हणजे केळीचा मुलूख. केळीचे ट्रक उत्तरेकडे निघालेले. माल नाशवंत, त्यामुळे त्यांना थांबणे परवडत नाही. चढावर त्यांची गती बैलगाडीची होते आणि मागे सात-आठ गाड्यांचे शेपूट तयार होते. या शेपटातल्या प्रत्येकाची सहनशक्ती निराळी. एक वळणाच्या तोंडाशीच बाहेर काढतो, दुसरा बाहेर डोकावून पुन्हा आत येतो, तिसरा पुढच्याच्या मागोमाग आंधळेपणाने निघतो, कारण पुढचा गेला म्हणजे वाट मोकळी असणारच असा त्याचा हिशेब. सर्वांत जास्त भीती मला या तिसऱ्याची वाटली. त्याने रस्ता पाहिलेलाच नसतो.

मग ट्रकवाल्यांची दिव्यांची भाषा. ट्रकचा बाजूचा दिवा लुकलुकला की कधी त्याचा अर्थ 'मी वळतो आहे' असा असतो, कधी 'तू खुशाल पुढे जा' असा. दोन्ही अर्थांना दिवा एकच. कधी क्लीनरचा हात खिडकीतून बाहेर येऊन बोलावतो, कधी तोच हात नुसताच वाऱ्याला धरलेला असतो. हे परगावच्या मोटारवाल्याला कुठल्या पुस्तकात सापडायचे? माझ्या डोळ्यांदेखत एका मोटारीने तो दिवा 'पुढे जा' असा वाचला आणि ट्रक खरोखरच टपरीकडे वळला. दोन्ही चालकांनी करकचून ब्रेक दाबले, एकमेकांच्या कुळाचा उद्धार केला आणि निघून गेले. अर्ध्या मिनिटात रस्ता असा झाला की तिथे काही घडलेच नव्हते. पुतण्या म्हणाला, "लिहा, काका. हे फक्त तुमच्या वहीत राहणार आहे."

उताराच्या बाजूने येणाऱ्या काही ट्रकांचा आवाज अकस्मात मंदावे. पहिल्यांदा मला वाटले इंजीन बंद पडले. टपरीवाल्याने सांगितले, "डीजल बचाते हैं, साहब." म्हणजे गाडी न्यूट्रलमध्ये सोडून उतार उतरायचा. इंजिनाचा रोध गेला की सारा भार ब्रेकवर पडतो, आणि तापलेला ब्रेक ऐन वेळी धरत नाही. थेंबभर डिझेलासाठी हे साहस कोण करतो असे विचारावेसे वाटते. पण फेरीचा खर्च बांधून दिलेला असेल तर वाचलेले डिझेल ही चालकाची मिळकत असते. नुसते पाहून हे समजत नाही. त्यासाठी टपरीवर बसून विचारावे लागते.

आणि दगड. चढावर ट्रक बंद पडला की क्लीनर उडी मारून चाकामागे धोंडा लावतो, हे योग्यच आहे. मागच्या गाड्यांना इशारा म्हणून आणखी चार दगड, एखादी झाडाची फांदी रस्त्यावर मांडतो, हेही योग्य. ट्रक दुरुस्त होतो आणि निघून जातो. दगड तिथेच राहतात. रात्री तेच दगड दुचाकीवाल्याची वाट पाहतात. माझ्या वहीत 'दगड' हा शब्द सर्वांत खाली लिहिलेला होता, कारण त्यात मला विशेष काही वाटले नव्हते.

टपरीवाल्याला मात्र अपघातांचे खरे कारण ठाऊक होते. रात्री-बेरात्री कपाळावर जखम असलेला एक उंच माणूस रस्त्यावर येतो, त्याला पाहून गाड्या भरकटतात, असे तो म्हणाला. असीरगडावरच्या महादेवाच्या देवळात अश्वत्थामा पहाटे पूजा करून जातो व पिंडीवर ताजे फूल ठेवतो ही श्रद्धा या प्रांतात सर्वत्र आहे. मराठी घरांत 'तेल मागणारा अश्वत्थामा' म्हणून आपण त्याला ओळखतोच. पुतण्याने तेही गंभीरपणे लिहून घेतले. मी विचारले, हे कशाला? तर म्हणाला, "कोणत्या वळणावर दिसतो ते विचारायचं आहे." टपरीवाल्याने जागाही सांगितली. भरकटायला तिथे नक्कीच काहीतरी असणार, मग तो चिरंजीव असो वा नसो.

गडावर आता गाडी बरीच वरपर्यंत जाते, तरी शेवटची चढण पायांनीच. असीरगड, कमरगड व मलयगड असे किल्ल्याचे तीन भाग असून पायथ्यापासून माथा सुमारे साडेआठशे फूट उंच आहे. वर गेल्यावर कळते की हा किल्ला इथेच का. नर्मदेच्या खोऱ्यातून तापीच्या खोऱ्यात उतरण्यासाठी सातपुड्यात जी खिंड आहे, तिच्या बरोबर उशाशी तो बसलेला आहे. उत्तरेतून दक्षिणेत जाणाऱ्या फौजांना ही वाट जवळची. म्हणून जुन्या लोकांनी याला 'दक्खनची किल्ली' म्हटले. आसा अहीर नावाच्या गवळी राजाने तो बांधला, आणि पंधराव्या शतकाच्या आरंभी नासिरखान फारुकीने जनान्याच्या पालख्यांत शिपाई बसवून तो कपटाने घेतला, ही फिरिश्त्याने सांगितलेली कथा प्रसिद्ध आहे. याच नासिरखानाने खुलदाबादच्या बुऱ्हाणुद्दीन गरीब या अवलियाच्या नावाने बऱ्हाणपूर वसविले. अकबर बादशहाने १६०० साली वेढा घातला तेव्हा किल्ला बळाने पडला नाही. १६०१ च्या जानेवारीत तो हवाली झाला, तो साथीमुळे की लाचेमुळे याविषयी अबुल फजल एक सांगतो आणि ख्रिस्ती पाद्री दुसरे. फत्तेपूर शिक्रीच्या बुलंद दरवाज्यावरील शिलालेखात या विजयाचा उल्लेख आहे. शहाजादा दानियालच्या नावावरून खानदेशाचे नाव काही काळ 'दानदेश' करण्यात आले होते, तेही त्यात आहे.

मराठी माणसाच्या दृष्टीने १७६० साल महत्त्वाचे. उदगीरच्या लढाईनंतर निजामाने जे किल्ले पेशव्यांस दिले त्यांत असीरगड होता. पुढे तो शिंद्यांकडे आला. १८१९ साली इंग्रजांनी वेढा दिला तेव्हा शिंद्यांचा किल्लेदार जसवंतराव लाड याने तो लढविला, आणि ९ एप्रिलला सोडला. शनिवारवाड्यावर इंग्रजांचे निशाण चढून तेव्हा सव्वा वर्ष होऊन गेले होते. शेवटच्या मराठे–इंग्रज युद्धातली ही अगदी अखेरची झुंज. आपल्या शालेय पुस्तकांत तिला दोन ओळीही मिळत नाहीत.

तटावर उभे राहून मी खाली पाहिले. ज्या रस्त्यावर आम्ही तासभर बसलो होतो तो वरून दोरीसारखा दिसत होता, आणि त्यावर गाड्या मुंग्यांसारख्या. शतकानुशतके या तटावर कोणी ना कोणी उभा राहून हेच करीत असणार. कोण आले, किती आले, घाईत आहेत की सावकाश, मागे काय आहे, हे पाहून खाली निरोप धाडणे हाच इथल्या पहारेकऱ्याचा रोजचा धंदा. लढाई शंभर वर्षांतून एकदा. पुतण्याला हे सांगितले तेव्हा तो म्हणाला, "आपल्याकडे मात्र लढाई झाल्यावरच पहारा बसतो." मग त्याने 'ब्लॅक स्पॉट' कशाला म्हणतात ते सांगितले. राष्ट्रीय महामार्गाच्या सुमारे ५०० मीटरांच्या तुकड्यात तीन वर्षांत मृत्यू वा गंभीर दुखापतीचे ५ अपघात व्हावे लागतात, किंवा १० माणसे मरावी लागतात. तेव्हा ती जागा धोक्याची म्हणून कागदावर येते. अपघात पाचांहून कमी आणि मेली नऊ, तर ती जागा अजून उमेदवारच.

हे उलटे करण्याचा एक प्रयत्न आपल्या नागपुरात सप्टेंबर २०२१ पासून झाला. 'आयरास्ते' असे त्याचे नाव. नागपूर महानगरपालिकेच्या शहर बसगाड्यांवर समोरच्या धोक्याची सूचना देणारी यंत्रे बसविली, हैदराबादची आय. आय. आय. टी., इंटेल कंपनी, दिल्लीची केंद्रीय रस्ते संशोधन संस्था आणि महिंद्र यांचा त्यात भाग होता. यंत्र चालकाला सावध करते हा एक फायदा. दुसरा असा, की शहरभर फिरणाऱ्या बसना कोणत्या चौकात वारंवार इशारे मिळतात याचा नकाशा तयार होतो. त्या जागांना त्यांनी 'ग्रे स्पॉट' म्हटले. तिथे अजून कोणी मेलेले नसते.

मी म्हणालो, मग सर्वत्र हेच का करीत नाहीत? पुतण्याने मला सहज सोडले नाही. दिल्लीच्या आय. आय. टी.तील गीतम तिवारी, दिनेश मोहन व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९८ साली दिल्लीतल्या रस्त्यांवर अशा 'थोडक्यात टळलेल्या' प्रसंगांची गणना केली होती, आणि जिथे असे प्रसंग जास्त तिथेच मृत्यू जास्त, असा सरळ मेळ त्यांना बसला नाही. संबंध क्षीणच आढळला. सायकल, रिक्षा, बस, पादचारी सगळे एकत्र असलेल्या आपल्या रस्त्यावर दाटीत घासाघीस पुष्कळ होते पण वेग कमी असतो. माणसे मरतात ती मोकळ्या रस्त्यावर, रात्री. म्हणजे अमेरिकेतले कोष्टक आणून इथे चिकटविता येणार नाही. "मोजत राहायचं," तो म्हणाला, "आणि आपलं चुकतंय का तेही मोजायचं." मला त्याचे हे बोलणे आवडले. दादाही असेच बोलत, फक्त आवाज मोठा असे.

दुपारी मशिदीजवळच्या भिंतीच्या सावलीत आम्ही दशम्या सोडल्या. जेवण झाल्यावर पुतण्याने लॅपटॉप उघडला. "काका, सकाळचं पाहायचं का?" सौ. म्हणाली, "दाखव, दाखव. बेचाळीस वर्षांचा तोरा आहे." सिमरोलच्या घाटातला माझा ताठ चेहरा पाहून ती एवढी हसली की तिचा ठसका थांबेना. मीही हसलो.

मग त्याने चित्र पुढे सरकविले. बोरगावच्या पुढचा रस्ता. पडद्याचे दोन भाग. एकात रस्ता, दुसऱ्यात मी. रस्त्यावर अजून काही नाही. माझ्या चेहऱ्यावर एकदम लहान मुलाचा आनंद उमटतो. उजवा हात चाकावर, डावा वर जातो, बोट डावीकडच्या डोंगराकडे, मान मागे वळते, कारण सौ. मागच्या आसनावर आहे. तोंड हलते आहे. आवाज नसला तरी शब्द आम्हां तिघांनाही वाचता आले: दिसला, दिसला. कोपऱ्यात सेकंद मोजले जात आहेत. एक, दोन, तीन. दुसऱ्या भागात रस्त्याच्या मधोमध एक धोंडा येतो, मागे वाळलेली फांदी. ट्रक नाही. तीन आणि काही अंश. माझी मान पुढे येते, डोळे मोठे होतात, हात चाक उजवीकडे ओढतो. गाडी पलीकडच्या बाजूला जाते. तिकडून एक मोटारसायकल येत आहे. चालविणारा तरुण, टाकीवर बसलेले चारेक वर्षांचे मूल, मागे एक बाई. मोटारसायकल रस्त्याच्या कडेला, खडीत उतरते. डगमगते. सावरते. चित्राबाहेर जाते. माझा चेहरा पुन्हा शांत होतो, आणि मी डावा हात लांब करून तिळाची वडी घेतो.

कोणी काही बोलले नाही. मला सगळ्यात भयंकर वाटले ते वडी घेणे. मला हा प्रसंग आठवतच नव्हता. धोंडा आठवत नव्हता, मोटारसायकल आठवत नव्हती. ते मूल तर मी त्या दिवशी भिंतीच्या सावलीतच पहिल्यांदा पाहिले. साडेअकरा वाजता 'काहीही विशेष न घडता' आम्ही पोहोचलो असे मी वर लिहिले आहे. ते मुद्दामच तसेच ठेवले आहे, कारण त्या वेळी कोणी विचारले असते तर शपथेवर मी तेच सांगितले असते. आणि ती गाडी सावरली नसती तर पंचनाम्यात काय लिहिले असते? माझ्या गाडीचा वेग ताशी अठ्ठावन्न होता. 'भरधाव' म्हणण्याजोगा नव्हे. तरी शब्द तोच आला असता. किल्ल्याचे नाव कुठेच आले नसते.

पुतण्याने लॅपटॉप मिटला. मी त्याच्याकडे पाहिले नाही. थोड्या वेळाने तोच म्हणाला, "काका, यात तुम्ही एकटे नाही. ज्यांच्या ज्यांच्या गाडीत लावलं, त्या प्रत्येकाचं असं एक तरी निघालं. माझंही आहे." मग जरा थांबून, "बाबांच्या वेळचं मात्र काहीच नाही." एवढेच. चाळीस वर्षांत त्याच्या तोंडून या विषयाचे हे पहिले वाक्य मी ऐकले.

खाली उतरल्यावर बऱ्हाणपुरास जाण्याऐवजी आम्ही गाडी मागे, बोरगावच्या बाजूला वळविली. पुतण्या चालवीत होता. पेटीत जागेची नोंद होती, त्यामुळे शोधावे लागले नाही. धोंडा तसाच होता. त्याच्यावर काळ्या रबराचा एक ताजा घासा होता, आमचा नव्हता. गाडी पुरती बाजूला घेऊन, दिवे लावून, आम्ही दोघांनी तो ढकलला. वयोमानाने मला दम लागला. फांदी सौ.ने ओढली. पन्नास पावलांवर आणखी दोन दगड होते, तेही हलविले. पाठीमागून एक केळीचा ट्रक आला, त्याच्या क्लीनरने आमच्याकडे पाहून हात वर केला. तो हात कोणत्या अर्थाचा, हे मला अजूनही सांगता येणार नाही.

रात्री बऱ्हाणपुरात मुक्काम केला. मावा जिलबी खाल्ली, तीही गुपचूप. दुसऱ्या दिवशी सकाळी परत निघताना मी पुतण्याकडे किल्ल्या मागितल्या. त्याने सौ.कडे पाहिले, सौ.ने मान हलविली, आणि त्याने त्या दिल्या. सौ. या वेळी पुढे, माझ्या शेजारी बसली. निंबोला गेले. चढ सुरू झाला. आता तो समोर येणार हे मला ठाऊक होते, अंगात त्याची वेळ बसलेली आहे. मी रस्त्याकडे पाहत राहिलो. समोर एक ट्रॅक्टर होता, मागे ट्रॉली, ट्रॉलीवर माणसे.

"अहो, आला," सौ. म्हणाली. "तुम्ही बघू नका. मी सांगते. आधी नुसता डोंगरच दिसतोय. धुकं आहे थोडं खाली. हां, आता तट दिसला. मिनार एकच दिसतोय. थांबा. दुसराही दिसला. उन्हात चमकतायत. आता झाडी आली मधे. आता नाही दिसत."

ट्रॅक्टर डावीकडे वळला. मी वेग तेवढाच ठेवला.